प्रकल्प नोंदी: रास्पबेरी पायवरचा तंबोरा आणि गप्प बसलेले पॅच

१५ जून २०२४

आत्याच्या क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम २१ जुलैला आहे, तोवर डबा तयार हवा. डबा म्हणजे रास्पबेरी पाय ४ (एक छोटा संगणक), एक यूएसबी साउंडकार्ड आणि त्यावर प्युअर डेटा, म्हणजे ठोकळे (ऑब्जेक्ट) वायरने जोडून आवाज तयार करायचं सॉफ्टवेअर (पुढे सगळीकडे पीडीच लिहितो). त्यातल्या अशा जोडणीला पॅच म्हणतात. रेकॉर्ड केलेल्या तंबोऱ्याचे लूप वाजवायचे नाहीयेत, तार छेडल्यापासूनचा आवाज तिथल्या तिथे हिशोबाने तयार करायचाय. लूपची पट्टी बदलली की आवाज ओढल्यासारखा होतो, जवारीचा (तार घोडीवर टेकत-सुटत येणाऱ्या झंकाराचा) जीवच जातो, आणि आत्याला ते पहिल्या आवर्तनात कळतं.

तारेचं मॉडेल १९८३ साली छापून आलेलं कार्प्लस-स्ट्राँगचं आहे. थोडा नॉइज एका डिलेमध्ये (आवाज क्षणभर थांबवून सोडणारा भाग) सोडायचा, बाहेर येईल तो हलका फिल्टर करून परत आत ढकलायचा, डिलेची लांबी ठरवते स्वर. आत्याची पट्टी काळी चार, म्हणजे जोडीच्या तारा २०७.६५ हर्ट्झ, ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके आकडे) डिले साधारण २३१ सॅम्पलचा. खर्ज निम्म्यावर, १०३.८३. पंचम मात्र शुद्ध घेतलाय, १५५.७४, कारण पेटीवरचा १५५.५६ घेतला की जोडीशी हळू हळू ठोके पडताना ऐकू येतात आणि एकदा कानाला ते जाणवले की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

खरा खर्च जवारीचा आहे. पीडी आवाज ६४-६४ सॅम्पलच्या ब्लॉकने मोजतो, म्हणजे ४८००० ला १.३३ मिलिसेकंद, आणि फीडबॅकचा लूप एका ब्लॉकपेक्षा छोटा होऊच शकत नाही. तार घोडीवर टेकते-सुटते त्याचा जो छोटा लूप आहे तो यापेक्षा खूप लहान आहे, म्हणून तेवढा सबपॅच ब्लॉक साइज १ वर चालवावा लागतो, आणि मग प्रत्येक ऑब्जेक्ट ६४ सॅम्पलला एकदा बोलावण्याऐवजी प्रत्येक सॅम्पलला बोलावला जातो. एक तंबोरा झेपतो. दोन तंबोरे म्हणजे आठ तारा आणि वर रिव्हर्ब (घुमारा) टाकला की आवाज तुटायला लागतो.

एचटॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं तर एक कोअर १०० टक्के आणि बाकी तीन जवळपास रिकामे. पायमध्ये चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर आहेत हे खरं, पण पीडीची डीएसपीची (आवाजाच्या हिशोबाची) अख्खी साखळी एकाच थ्रेडमध्ये एकामागून एक चालते. ऑपरेटिंग सिस्टिम ती आपण होऊन तोडून वाटून देऊ शकत नाही, वाटणी पॅच लिहिणाऱ्यानेच करायची. त्यासाठीचा ऑब्जेक्ट पीडीसोबतच येतो, पीडी~. तो आणखी एक पीडी वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करतो आणि आवाज नि मेसेज पाइपमधून इकडून तिकडे नेतो. आतल्या पीडीला साउंडकार्ड दिसतच नाही, त्याचा एडीसी~ (आवाज आत घेणारा ऑब्जेक्ट) म्हणजे बाहेरच्या पीडी~ चे इनलेट आणि डॅक~ (आवाज बाहेर सोडणारा) म्हणजे आउटलेट.

ठरलं असं: मुख्य पॅचमध्ये फक्त नॉब, पट्टी, मिक्सिंग. एका पीडी~ मध्ये पहिला तंबोरा, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात रिव्हर्ब. चार प्रोसेस, चार कोअर.

१६ जून

तीनही पॅच वेगळे केले, मुख्य पॅचमध्ये तीन पीडी~ टाकले, डबा चालू केला, आणि काहीच नाही. तुटका आवाज नाही, खरखर नाही, हेडफोनमध्ये कोरी शांतता. तुटका आवाज आला असता तर बरं झालं असतं, कारण त्याचं कारण शोधता येतं, निदान काहीतरी वाहतंय हे तरी कळतं. शांततेची कारणं डझनभर असतात आणि कानाला सगळी सारखीच ऐकू येतात.

म्हणून आधी पद्धत ठरवली, की कानाने काही ठरवायचं नाही. आतल्या पॅचमध्ये तार-बीर सगळं बाजूला ठेवून एक ४४० हर्ट्झचा ऑसिलेटर (एकसुरी साइन वेव्ह), ०.१ ने गुणून, सरळ डॅक~ ला. पुढच्या प्रत्येक सांध्यावर एक एन्व्ह~ (आवाजाची पातळी मोजणारा ऑब्जेक्ट), आणि त्याचा आकडा प्रिंट. पीडीचे डेसिबल वेगळे आहेत, तिथे पूर्ण १ म्हणजे १०० आणि ० म्हणजे साफ शांतता. ०.१ च्या साइन वेव्हचा आरएमएस (एक प्रकारची सरासरी पातळी) काढला की एन्व्ह~ ने ७७ दाखवायला हवं. जिथपर्यंत ७७ दिसतंय तिथपर्यंत रस्ता मोकळा, जिथे ० होतंय तो सांधा बघायचा.

आज मुख्य पॅचमध्ये तिन्ही आउटलेटवर ०.

१८ जून

पहिला प्रश्न: आतला पीडी जिवंत आहे का? पीजीरेपने प्रोसेसची यादी काढली, चार दिसायला हव्यात, दिसली एकच. म्हणजे आवाजाचा प्रश्नच अजून आलेला नाही, पोरं जन्मालाच आली नाहीत किंवा येऊन लगेच गेली.

डबा बिनस्क्रीनचा आहे, पीडी नो-जीयूआय मोडमध्ये सिस्टिमडी (बूटला सर्व्हिस सुरू करणारा लिनक्सचा भाग) सुरू करतो, त्यामुळे पीडीची ती नेहमीची मेसेजची खिडकी नाहीये. पण या मोडमध्ये पीडी जे काही बोलतो ते एररच्या वाटेने बाहेर जातं आणि आतल्या पीडीची ती वाट बाहेरच्याशीच जोडलेली असते, म्हणजे सगळं जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) साठतं. जर्नलसीटीएलने आमच्या सर्व्हिसचा जर्नल उघडला आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, राँग ईएलएफ क्लास. अर्थ असा की ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटची लायब्ररी उघडायला बघतोय.

कारण सापडलं ते असं. आतला पीडी साउंडकार्डच्या घड्याळावर चालत नाही, पाइपमधून ब्लॉक आला की चालतो, त्यासाठी त्याला स्वतःचा शेड्युलर लागतो आणि तो पीडी-स्केड नावाच्या वेगळ्या लायब्ररीत असतो, पीडी~ च्याच फोल्डरमध्ये. पीडी~ ला स्केड-डिर ऑप्शन देऊन ती कुठे आहे ते सांगता येतं. हे पॅच जुन्या ३२ बिटच्या कार्डावरून आलेले आहेत आणि ऑब्जेक्टमध्ये तो ऑप्शन अजून त्या काळच्या फोल्डरकडे बोट दाखवतोय, ते फोल्डर बॅकअपसोबत नव्या कार्डावरही आलंय. ऑप्शन काढून टाकला की पीडी~ आपोआप स्वतःच्या इन्स्टॉलमधली लायब्ररी घेतो.

सोबत एक साफसफाई पण केली, पॅकेजमधून आलेला पीडी काढून टाकला आणि सोर्सवरून बांधलेला एकच ठेवला, युएसआर लोकलमधला. मशीनवर दोन पीडी असले की बाहेरचा एक आणि आतला भलताच सुरू होण्याची सोय होते. आणि आतल्या पॅचचं नाव देताना पूर्ण पाथ दिला, कारण सिस्टिमडीने सुरू केलेली सर्व्हिस, वेगळं काही सांगितलं नाही तर, रूट फोल्डरमध्ये उभी असते आणि नुसतं फाइलचं नाव दिलं तर ती तिथे शोधते.

पीजीरेपमध्ये आता चार. आकडे अजून ०.

१९ जून

हा भाग छोटा आहे पण इथे बरेच जण अडकतात. आतल्या पीडीचा डीएसपी वेगळा असतो. बाहेर डीएसपी चालू केला म्हणून आतला चालू होत नाही, दोन्हीकडे चालू हवा. त्यासाठी पीडी~ ला पीडी डीएसपी १ असा मेसेज द्यायचा, तो आत पोचतो आणि आतला पीडी जागा होतो. आमच्या पॅचमधला क्रम आता असा आहे: लोडबँग (पॅच उघडताच सुटणारा इशारा), बाहेरचा डीएसपी, मग पीडी~ ला स्टार्टचा मेसेज, मग एक सेकंदाचा डिले, मग पीडी डीएसपी १, आणि सगळ्यात शेवटी मास्टर व्हॉल्यूम दोन सेकंदात हळू वर. एक सेकंद जास्त वाटतो पण पाय नुकताच बूट झालेला असतो, तीन प्रोसेस एसडी कार्डावरून उठत असतात, तिथे घाई करून काही मिळत नाही.

आणखी एक, पीडी~ चं सगळ्यात डावं आउटलेट आवाजाचं नाही, मेसेजचं आहे, आतून एसटीडी-आउट ऑब्जेक्टने पाठवलेले मेसेज तिथून बाहेर पडतात. आवाज त्याच्या उजवीकडून सुरू होतो. वायर जोडताना हे लक्षात असू द्या.

७७. तिन्हीवर. रात्री साडेअकराला तो आकडा बघून जे वाटलं ते लिहून काय सांगणार, आईला उठवून दाखवावंसं वाटत होतं.

२२ जून

ऑसिलेटर काढून तारा परत जोडल्या आणि परत ०. पण आता घाबरायचं कारण नाही, पाइप सुरू आहे, आतला पीडी चालू आहे, म्हणजे तारेला कोणी छेडतच नाहीये.

तेच निघालं. आधी सगळं एका पॅचमध्ये होतं तेव्हा छेडण्याचं घड्याळ मुख्य पॅचमध्ये होतं आणि ते सेंडने तारेच्या रिसीव्हला बँग (इशारा) पाठवायचं. आता एकाच वाड्यात वेगळी बिऱ्हाडं झाली आहेत, नावं सारखी असली तरी कोणाचा डबा कोणाला दिसत नाही. सेंड-रिसीव्ह, थ्रो~-कॅच~, व्हॅल्यू, अॅरे (आकड्यांचा साठा), डिलेची नावं, सगळं ज्या त्या प्रोसेसपुरतं. आणि सेंडबद्दल पीडी काही तक्रारही करत नाही, कारण ज्याला कोणी ऐकणारं नाही असा सेंड ही त्याच्या दृष्टीने चूक नाहीच.

उपाय सोपा आहे, पीडी~ ला पाठवलेल्या मेसेजचा पहिला शब्द म्हणजे आतल्या रिसीव्हचं नाव. मेसेजमध्ये तार१ नि मग बँग लिहिलं की आतल्या तार१ नावाच्या रिसीव्हला बँग जातो. सगळे सेंड शोधून त्या जागी हे बसवलं. तारेला सुरुवातीला जो नॉइजचा तुकडा देतो तो एका अॅरेमध्ये होता आणि तो अॅरे बाहेर लोड व्हायचा, आता प्रत्येक आतला पॅच स्वतःचा स्वतः लोड करतो.

तंबोरा वाजला, दोन्ही. रिव्हर्ब अजून ०. त्याच्याही बाबतीत पाइप ठीक होता, तिथे रेव्ह३~ वापरलाय, दोन इनपुट चार आउटपुटचा, आणि त्याचा पहिला आकडा आउटपुटची लेव्हल, डेसिबलमध्ये, तेच पीडीचे डेसिबल जिथे ० म्हणजे शांतता. लेव्हल पण बाहेरून सेंडने यायची, म्हणजे कारण वरचंच. आता १०० ऑब्जेक्टमध्येच लिहून टाकलंय.

२९ जून

दुपारभर पाऊस, लाइट जाऊन येऊन. लाइट येताना डबा आपोआप उठतो आणि एकदा उठल्यावर परत मुका. आकडे सगळीकडे ठीक, मुख्य पॅचच्या डॅक~ च्या आधी पण आकडा आहे, म्हणजे पीडीचं काम चोख आहे आणि आवाज भलतीकडे जातोय. पाय ४ ला दोन एचडीएमआय, एक हेडफोन जॅक आणि आमचं यूएसबी कार्ड, अल्साच्या (लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेच्या) यादीत ही चार वेगवेगळी कार्डं, आणि बूट होताना कोण आधी उठेल त्यावर नंबर ठरतात. आवाज एचडीएमआयला जात होता जिथे काही जोडलेलंच नाही. कॉन्फिग फाइलमध्ये व्हीसी४ च्या ओव्हरलेला नो-ऑडिओ जोडलं (म्हणजे एचडीएमआयचा आवाज बंद), जॅकचा ऑडिओ बंद केला, आता यादीत एकच कार्ड आहे.

डेस्कटॉपवाली ओएस असेल तर तिथे पाइपवायर (डेस्कटॉपचा आवाज सांभाळणारा प्रोग्राम) साउंडकार्ड धरून बसलेला असू शकतो ते पण बघावं. आमची लाइट आवृत्ती आहे, तो प्रश्न आला नाही.

३ जुलै

दोन तंबोरे आणि रिव्हर्ब एकत्र चालवले की आवाज तुटतोय. चार प्रोसेस असून. हे पटेना, म्हणून एचटॉप लावून बसलो तर चौथा कोअर १०० टक्के आणि बाकी तीन मोकळे, म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी जे चित्र होतं तेच, फक्त प्रोसेस चार.

कारण सर्व्हिसच्या फाइलमध्ये होतं. आधीच्या सेटअपमध्ये पीडीला चौथा कोअर राखून दिलेला होता, टास्कसेट लावून, आणि एकट्या पीडीसाठी ते बरोबरच होतं. पण लिनक्समध्ये प्रोसेसने पोर जन्माला घातलं की कोणत्या कोअरवर चालायची मुभा आहे ती यादी पोराला वारशाने मिळते. तिन्ही आतले पीडी त्याच एका कोअरवर रांग लावून उभे होते. टास्कसेटला पी आणि सी ऑप्शन आणि प्रोसेसचा नंबर दिला की कुठे चालायची परवानगी आहे ते दिसतं, चारीसाठी उत्तर ३ आलं (कोअर ० पासून मोजतात).

आता सुरुवातीचा टास्कसेट काढला आणि सगळं उठल्यावर एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येकाला आपापला कोअर देते: मुख्य पॅच ०, तंबोरे १ आणि २, रिव्हर्ब ३. मित्राने आयसोल-सीपीयू लावून दोन कोअर कर्नलपासून वेगळे काढ असं सुचवलं होतं, त्याचा विचार केला पण वेगळ्या काढलेल्या कोअरमध्ये कर्नल आपण होऊन काम वाटत नाही, दोन कोअरची परवानगी दिली तरी सगळे एकाच कोअरवर बसून राहू शकतात, एकेकाला हाताने बसवावंच लागतं. हाताने बसवायचंच आहे तर सध्या तेवढंच पुरे.

इथे पीडी~ बद्दल एक गोष्ट नीट समजली. बाहेरचा पीडी ब्लॉक आत पाठवतो आणि काही ब्लॉकनंतर उत्तर परत घेतो, ते अंतर फिफोचं (मधल्या रांगेचं), काही सांगितलं नाही तर ५ ब्लॉक, ४८००० ला ६.६७ मिलिसेकंद. उत्तर वेळेत आलं नाही तर बाहेरचा पीडी थांबून राहतो. म्हणजे एक पोर मागे पडलं की अख्खं घर थांबतं, फक्त त्याचाच आवाज तुटत नाही. फिफो २० केला, २६.७ मिलिसेकंद. तंबोऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. आत्याच्या आवाजावरच्या रिव्हर्बला पडेल असं वाटलं होतं, पण तिचा मूळ आवाज सरळ जातो आणि फक्त घुमारा तेवढा उशिरा सुरू होतो. खोली थोडी मोठी वाटते, आणि ऐकायला चांगलंच लागतं.

एकेका कोअरवर आता साठ टक्क्यांच्या आसपास.

६ जुलै

कुठला तरी मोबाइलचा चार्जर लावून आत्याच्या घरी डबा चालवला आणि मधूनच तुटला. व्हीसीजेनसीएमडीला (पायची तब्येत सांगणारी कमांड) थ्रॉटलचं (वेग उतरवल्याचं) विचारलं, उत्तर शून्य-एक्स-५०००५, म्हणजे व्होल्टेज आत्ता कमी आहे, वेग आत्ता उतरवलेला आहे आणि हे दोन्ही आधीही होऊन गेलंय. चारही कोअर कामाला लागले की पाय करंट जास्त खेचतो, एका कोअरवर चालत होतं तेव्हा हाच चार्जर पुरला असता. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावल्यावर उत्तर शून्य. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) पण परफॉर्मन्सवर टाकला, वेग खाली-वर होत बसायला नको.

तसंच रिअलटाइम प्रायॉरिटीचं (बाकी कामांआधी पीडीला वेळ मिळण्याची सोय), टर्मिनलवरून चालवताना मिळायची आणि बूटला मिळायची नाही. लिमिट्सच्या फाइलमधली परवानगी लॉगिन केलेल्या माणसाला लागू होते, सिस्टिमडीच्या सर्व्हिसला नाही, तिथे सर्व्हिस फाइलमध्येच आरटीप्रायो आणि मेमलॉकची मर्यादा लिहावी लागते.

१३ जुलै

मिरजेला जाऊन आलो, खऱ्या तंबोऱ्यापुढे डबा ठेवून ऐकायचा होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला याच वर्षी जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, गल्लीत सगळे त्याबद्दल बोलत होते. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी डब्याकडे बघितलं, आवाज ऐकला, काही बोलले नाहीत, एक तंबोरा मांडीशी घेतला आणि घोडीवर तारेखालचा दोरा नखाने जरासा पुढे सरकवला. केसभर. तार बंद होती ती उघडली, वरचे स्वर एकेक करून खालून वर चढत गेले. दोरा आणखी केसभर पुढे, तर बारीक पत्र्यासारखं वाजायला लागलं. मागे घेतला, परत उघडली.

मग म्हणाले, "तुमची जवारी छेडल्या छेडल्या उघडतीय. आमची मागनं उघडतीय."

हे सोन्यासारखं वाक्य आहे. आमच्या मॉडेलमध्ये घोडीचा परिणाम तारेचा हेलकावा मोठा असताना सगळ्यात जास्त आणि नंतर कमी कमी होत जातो. प्रत्यक्षात हेलकावा लहान होत जातो तसा तारेचा घोडीवर टेकण्याचा बिंदू दोऱ्याच्या मानाने सरकतो आणि वरचे स्वर उशिरा फुलतात. घरी येऊन छोट्या लूपचा डिले तारेच्या एन्व्हेलपला जोडला, आवाज उतरेल तसा डिले किंचित बदलतो. प्रत्येक कोअरवर चार-पाच टक्के वाढले. हे एका कोअरवर कधीच बसलं नसतं, आणि पीडी~ साठी इतकं झटलो त्याची किंमत मला तरी आज वसूल झाली.

१८ जुलै

आत्याने तासभर यमन केला डब्यावर. यमनला म्हणून एका तंबोऱ्याची पहिली तार निषादाला लावून मागितली, नॉबवर ती सोय आहेच. मध्येच थांबून, "अरे, दुसरा तंबोरा थोडा मागे ठेव ना, अंगावर येतोय." व्हॉल्यूम नाही, ती जागेबद्दल बोलत होती. दुसरा तंबोरा रिव्हर्बला जास्त पाठवला आणि सरळ कमी केला. "हां, आता बस."

२२ जुलै

काल कार्यक्रम झाला. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत डबा चालू, पट्ट्या बदलत होत्या, लहान मुलं काळी पाचला, एक काका काळी एकला. आवाज एकदाही तुटला नाही. जर्नल घरी येऊन वाचला, चारही प्रोसेस सुरुवातीपासून त्याच आहेत, कोणी मेला-उठला नाही. थ्रॉटलचं उत्तर शून्य.

पुढचं काम: हॉलमध्ये कोणीतरी सरळ बटण बंद करून डबा उचलला, एसडी कार्डाला हे फार दिवस सोसणार नाही, म्हणून रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम लावून कार्ड फक्त वाचण्यापुरतं करायचं. आणि डब्याच्या पुढच्या बाजूला तीन एलईडी, प्रत्येक पीडी~ च्या आउटलेटवरच्या एन्व्ह~ ला जोडलेले, म्हणजे कुठला पॅच गप्प बसलाय ते लॅपटॉप न उघडता आत्यालाही दिसेल. एलईडी आणि रेझिस्टर घरात आहेत, शनिवारी बसवतो.